छुसोक आणि सोल्लालची सुट्टी : कोरियात राहणाऱ्या परदेशी रहिवाशांसाठी टप्प्याटप्प्याने तयारी

छुसोक हा कोरियातील सुगीचा सण आणि सोल्लाल म्हणजे तिथले चांद्र नववर्ष. छुसोकच्या आदल्या संध्याकाळी कोरियातील मराठी मंडळींच्या गटांवर दरवर्षी तेच प्रश्न येतात. रेल्वेचे तिकीट कुठे मिळेल, कोणता दवाखाना उघडा आहे, पीठ संपले आहे तर काय करावे, बँकेतून पैसे का जात नाहीत. यांतल्या बहुतेक प्रश्नांना त्या संध्याकाळी उत्तर नसते, कारण ते काम तीन आठवडे आधीच व्हायला हवे होते. चूक आळसाची नसते, क्रमाची असते. कॅलेंडरवरील लाल तारखेपासून पुढे मोजत गेले की घोटाळा होतो. शेवटच्या कामकाजाच्या दिवसापासून मागे मोजत आले की सगळी कामे वेळेत बसतात. पुढील टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत आणि ते याच क्रमाने करावेत.

## टप्पा १ : तारखा आणि खरा शेवटचा दिवस ठरवणे (सुमारे दोन महिने आधी)

छुसोक कोरियन चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी येतो, तर सोल्लाल पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी. दोन्हींना तीन-तीन दिवसांची सुट्टी असते : आदला दिवस, सण आणि दुसरा दिवस. या तीनपैकी एखादा दिवस रविवारी आला तर बदली सुट्टी मिळते, मात्र शनिवारी आला तर मिळत नाही. येथेच अनेकांचा हिशेब चुकतो. २०२६ चा छुसोक २५ सप्टेंबरला, शुक्रवारी आहे. सुट्टी गुरुवार २४ ते शनिवार २६ अशी असून शनिवारची भरपाई नाही, म्हणून सोमवारी २८ तारखेला कामावर हजर व्हावे लागते. याउलट २०२५ मध्ये ३ ऑक्टोबरचा राष्ट्रस्थापना दिन आणि ९ ऑक्टोबरचा हांगुल (कोरियन लिपी) दिन छुसोकला जोडून आल्यामुळे सलग सात दिवस मिळाले होते. एका वर्षाच्या अनुभवावरून पुढच्या वर्षाचा बेत कधीही आखू नये.

सोल्लालची तारीख चिनी नववर्षावरून काढणे ही दुसरी चूक आहे. बहुतेक वर्षी दोन्ही तारखा एकच असतात, पण २०२७ मध्ये तसे नाही. त्या वर्षी अमावास्येचा क्षण बीजिंगच्या घड्याळात मध्यरात्रीच्या काही मिनिटे आधी आणि कोरियाच्या घड्याळात मध्यरात्रीनंतर येतो. त्यामुळे चीनमध्ये नववर्ष ६ फेब्रुवारीला, तर कोरियात ७ फेब्रुवारीला आहे. तो रविवार असल्याने मंगळवारी ९ तारखेला बदली सुट्टी येते.

आपल्या पंचांगाशी ताडून पाहिले तर छुसोक भाद्रपद किंवा आश्विन पौर्णिमेच्या आसपास पडतो. २०२५ मध्ये तो कोजागिरीच्याच दिवशी आला होता आणि २०२६ मध्ये अनंत चतुर्दशीला येत आहे. घरी दहा दिवसांचा गणपती बसवणाऱ्यांना पुढच्या सर्व टप्प्यांत याचा विचार करावा लागेल, कारण विसर्जनाच्या दिवशी फुलांपासून दुधापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी उघडे दुकान शोधावे लागेल.

तारखा कळल्यावर शेवटचा कामकाजाचा दिवस लिहून काढावा आणि त्यातून एक दिवस वजा करावा. २०२६ च्या छुसोकआधीचा शेवटचा दिवस बुधवार २३ सप्टेंबर असला, तरी त्या दुपारनंतर कार्यालये रिकामी होऊ लागतात. म्हणून मंगळवार २२ हाच शेवटचा दिवस धरावा.

नोकरी करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. १ जानेवारी २०२२ पासून पाच किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनाही सार्वजनिक सुट्ट्या पगारी द्याव्या लागतात. पण सुट्टी आणि शनिवार-रविवार यांच्या मध्ये अडकलेला एखादा दिवस पुष्कळ कंपन्या कर्मचाऱ्यांच्या वार्षिक रजेतून वळता करतात. तसे होणार असेल तर ते विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी माहीत असायला हवे.

तपासणी : सुट्टीचा पहिला दिवस, कामावर परतण्याचा दिवस आणि "आपला" शेवटचा दिवस या तीन तारखा लिहिल्या आहेत का?

## टप्पा २ : राहण्याचा परवाना आणि सरकारी कागदपत्रे (दीड ते दोन महिने आधी)

परदेशी नोंदणी कार्डाची मुदत सणानंतरच्या महिनाभरात संपत असेल तर हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याच्या चार महिने आधीपासून करता येतो, तरी बहुतेक जण शेवटच्या दोन आठवड्यांची वाट पाहतात. इमिग्रेशन कार्यालयात जाण्यासाठी हायकोरिया या सरकारी संकेतस्थळावर वेळ आरक्षित करावी लागते, आणि सणाच्या आधीच्या व नंतरच्या आठवड्यातील वेळा फार लवकर भरतात. ऑनलाइन अर्ज केला तरी त्याची तपासणी कामकाजाच्या दिवशीच होते, म्हणजे सुट्टीतील दिवस त्यात धरता येत नाहीत.

सुट्टीत भारतात किंवा अन्यत्र जाणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. नोंदणीकृत रहिवासी एका वर्षाच्या आत परतणार असेल तर त्याला वेगळी पुनःप्रवेश परवानगी लागत नाही. मात्र ही सवलत मुक्कामाची मुदत शिल्लक असेपर्यंतच आहे. परदेशात असताना मुदत संपली तर नवा व्हिसा काढूनच परत यावे लागते. कार्डावरील तारीख परतीच्या तारखेशी ताडून पाहायला अर्धे मिनिट लागते.

विद्यार्थ्यांसाठी : सणाच्या दिवसांत पार्सल केंद्रांवर आणि उपाहारगृहांत तात्पुरत्या कामाच्या संधी निघतात. डी-२ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर अर्धवेळ कामाची परवानगी आधी घेतलेली नसेल तर एका दिवसाचे कामही नियमभंग ठरते आणि पुढच्या मुदतवाढीच्या वेळी अडचण येते.

सावधान : इमिग्रेशनची १३४५ ही मदतवाहिनी सार्वजनिक सुट्टीला बंद असते. सोलमधील भारतीय वकिलातीच्या सुट्ट्यांची यादीही आधी पाहून घ्यावी.

## टप्पा ३ : प्रवासाची तिकिटे (सुमारे महिनाभर आधीपासून)

सर्वाधिक चुका याच टप्प्यात होतात, म्हणून तो सावकाश वाचावा.

सणाच्या काळातील रेल्वे तिकिटे नेहमीच्या पद्धतीने विक्रीला येत नाहीत. कोरेल ही सरकारी रेल्वे कंपनी त्यासाठी स्वतंत्र आरक्षण-पान उघडते आणि त्याच्या तारखा काही आठवडे आधी जाहीर होतात. सुरुवातीचे दिवस ज्येष्ठ नागरिक आणि अपंग व्यक्तींसाठी राखीव असतात, त्यानंतर मार्गांप्रमाणे वेगवेगळ्या दिवशी सर्वांसाठी विक्री होते. बुसानकडे जाणाऱ्या ग्योंगबू मार्गाचा दिवस वेगळा आणि ग्वांग्जूकडे जाणाऱ्या होनाम मार्गाचा वेगळा असतो. ऑनलाइन आरक्षण सकाळी लवकर, साधारण सात वाजता सुरू होते. जो नेहमीच्या अ‍ॅपवर गाडी शोधत बसतो त्याला सर्व गाड्या "उपलब्ध नाही" अशा दिसतात, आणि तिकिटे संपली असे समजून तो नाद सोडतो.

१. आदल्या आठवड्यात सदस्यत्व क्रमांक आणि पासवर्ड तपासावा. सदस्यत्व नसेल तर तेव्हाच घ्यावे. आरक्षणाच्या सकाळी मोबाइल पडताळणी अडली तर ती सोडवायला वेळ नसतो.

२. आदल्या रात्री कागदावर तीन पर्याय लिहावेत : हवी असलेली गाडी, तिच्या आधीची आणि नंतरची. पानावर मिळणारा वेळ काही मिनिटांचाच असतो. वेळापत्रक तिथे उघडून विचार करू नये.

३. सकाळी रांग क्रमांक दिसू लागल्यावर पान पुन्हा ताजे करू नये. तसे केल्यास रांगेच्या शेवटी जावे लागते. हजारो क्रमांक पुढे दिसले तरी थांबावे, रांग अपेक्षेपेक्षा वेगाने सरकते.

४. आरक्षणानंतर पैसे भरण्याची अंतिम वेळ टिपून ठेवावी. आरक्षण म्हणजे तिकीट नव्हे. मुदतीत पैसे भरले नाहीत तर जागा आपोआप रद्द होऊन दुसऱ्याकडे जाते. परदेशी कार्ड नाकारले जाण्याची शक्यता गृहीत धरून कोरियन बँकेचे कार्ड जवळ ठेवावे.

५. जागा मिळाली नाही तर उरलेली तिकिटे नेहमीच्या अ‍ॅपवर कधी येणार तो दिवस पाहावा, आणि पैसे भरण्याची मुदत संपल्यावर लगेच पुन्हा शोध घ्यावा. इतरांनी सोडलेल्या जागा त्या वेळी परत येतात. प्रवासाच्या दोन-तीन दिवस आधीही काही जागा सुटतात. सणाच्या काळात रद्द करण्याचे शुल्क नेहमीपेक्षा जास्त असल्यामुळे स्वतः मात्र "घेऊन ठेवू, मग बघू" असे करू नये.

दिशा पाहणेही तितकेच महत्त्वाचे आहे. सणाआधी सगळी गर्दी सोलमधून बाहेर पडते आणि सणानंतर सोलकडे परतते. देजॉन किंवा उल्सानला राहणाऱ्याने सणाआधी सोलला येऊन सुट्टी संपण्यापूर्वी परत जायचे ठरवले, तर तो गर्दीच्या उलट दिशेने प्रवास करतो आणि त्याला तिकीट बरेचदा सहज मिळते. मित्रांनी एकत्र जमायचे असेल तर सोलमधील मित्रांनी बाहेर जाण्यापेक्षा बाहेरच्यांनी सोलला यावे, असे मी नेहमी सुचवतो.

बस हा रेल्वेइतकाच चांगला पर्याय आहे आणि परदेशी लोक तो उगाच टाळतात. सणाच्या दिवसांत ग्योंगबू द्रुतगती मार्गावरील बसची राखीव मार्गिका सोलपासून देजॉनजवळच्या सिनथानजिनपर्यंत रात्री एक वाजेपर्यंत चालू असते. शेजारी मोटारी खोळंबलेल्या असताना बस पुढे जात राहते. अ‍ॅपमध्ये कार्ड चालत नसेल तर टर्मिनलच्या खिडकीवर काही दिवस आधी जाऊन तिकीट काढावे. सोलमध्ये बानफोचे एक्स्प्रेस टर्मिनल, नाम्बू टर्मिनल आणि दोंगसोल टर्मिनल ही तीन वेगळी ठिकाणे आहेत. रेल्वेचेही तसेच : सोल, योंगसान, छोंग्यांगनी आणि सुसो ही स्थानके एकमेकांपासून दूर आहेत.

भाड्याच्या मोटारीने जायचा बेत शक्यतो करू नये. टोल माफ असतो हे खरे, पण सोल ते बुसान हा एरवी साडेचार-पाच तासांचा रस्ता सणात आठ तासांच्या पुढे जाऊ शकतो. प्रत्यक्ष छुसोकच्या दिवशी पूर्वजांच्या समाधीला जाणारे आणि परतणारे असे दोन्ही प्रवाह रस्त्यावर एकत्र येतात.

तपासणी : तिकिटावरील सुटण्याचे स्थानक वाचले का? पैसे भरल्याची पावती आली का? परतीचे तिकीट आहे का?

## टप्पा ४ : पैसे, मोबाइल आणि नावाचा प्रश्न (दोन आठवडे आधी)

काही बँका मोठ्या सुट्टीचा उपयोग संगणक यंत्रणेच्या दुरुस्तीसाठी करतात. अशा वेळी काही तास किंवा त्याहून अधिक काळ पैसे पाठवणे, काढणे आणि कार्ड वापरणे बंद राहू शकते. त्याची सूचना बँकेच्या अ‍ॅपमध्ये कोरियन भाषेत आधी येते आणि आपण ती न वाचता बंद करतो. ती वाचावी किंवा भाषांतर करून घ्यावी. दोन-तीन दिवसांना पुरेल एवढी रोख रक्कम घरात ठेवावी. गणपती-दिवाळीसाठी घरी पैसे पाठवायचे असल्यास शेवटच्या कामकाजाच्या दिवसाच्या किमान दोन दिवस आधी पाठवावेत.

आपल्या नावांमुळे होणारी अडचण येथेच सोडवावी. आपल्या अनेकांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. नोंदणी कार्डावर ते पूर्ण येते, बँक ते तोडून लिहिते आणि मोबाइल कंपनी आडनावाचा क्रम बदलते. तीन ठिकाणी तीन रूपे झाली की मोबाइलवरून होणारी ओळख-पडताळणी अडते, आणि तिकीट, खरेदी, बँक ही सर्व कामे एकाच वेळी थांबतात. नोंदणी कार्ड घेऊन बँकेत आणि मोबाइलच्या दुकानात जावे, नाव अक्षर आणि मोकळ्या जागेसह तंतोतंत सारखे करून घ्यावे, आणि घरी येऊन एकदा पडताळणी करून पाहावी. सुट्टीत हे काम कोणीही करून देऊ शकत नाही.

## टप्पा ५ : स्वयंपाकघर आणि पार्सल (दहा दिवस आधी)

कुरिअर कंपन्या सणाच्या कित्येक दिवस आधीच नवी पार्सले घेणे बंद करतात, कारण भेटवस्तूंच्या खोक्यांनी त्यांची गोदामे भरलेली असतात. त्यामुळे तूरडाळ, कणीक, पोहे, मसाले यांची ऑनलाइन मागणी किमान दहा दिवस आधी नोंदवावी. सोलमध्ये इथेवॉनला आणि आन्सानमध्ये वोंगोक-दोंगला परदेशी किराणा मिळतो, पण सणाच्या दिवशी दुकान उघडे असेल असे गृहीत धरून जाऊ नये, आधी फोन करावा.

मोठ्या मार्टच्या पुष्कळ शाखा सणाच्या दिवशी बंद असतात आणि कॉस्टको तर सोल्लाल व छुसोकच्या दिवशी बंदच असते. पारंपरिक बाजार आदल्या दिवसापर्यंत गजबजलेले असतात आणि मग एकदम शांत होतात. सफरचंद, नाशपाती यांचे भाव सणाआधी चढतात, तेव्हा फळे लवकर घ्यावीत. गणपतीसाठी फुले घेणाऱ्यांनी बानफोच्या एक्स्प्रेस टर्मिनलमधील फूलबाजार सुट्टी लागण्यापूर्वीच गाठावा.

सुट्टीत बहुधा उघडे राहते ते कन्व्हीनियन्स स्टोअर. मांसाहार करणाऱ्यांचे तेथे भागते. शाकाहारी माणसाने मात्र नीट जाणून असावे की रामेनच्या मसाल्यात बहुधा गोमांस असते, त्रिकोणी किंबापमध्ये (समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भातात) अनेकदा टूना मासा असतो आणि किमचीत सहसा माशांचा किंवा कोळंबीचा खार असतो. निर्धास्त घेता येतील अशा वस्तू म्हणजे तयार भाताचे डबे, टोफू, केळी, दूध, भाजलेले रताळे आणि शेंगदाणे. कार्यालयातून मिळणाऱ्या भेटसंचातील डबाबंद स्पॅम हे डुकराचे मांस असते. तो संच खाणाऱ्या सहकाऱ्याला देऊन त्याच्याकडील तेलाचा किंवा फळांचा संच घ्यावा. यात कोणाला राग येत नाही.

तपासणी : वसतिगृहात राहत असल्यास खाणावळ नेमकी कोणत्या जेवणापासून बंद आहे हे सूचनाफलकावर पाहिले का?

## टप्पा ६ : औषधे आणि दवाखाना (एक आठवडा आधी)

रोजची औषधे संपत असतील तर डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी आधीच घ्यावी. साधी ताप, सर्दी, अपचन आणि दुखण्यावरील मोजकी औषधे २०१२ पासून चोवीस तास चालणाऱ्या कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये मिळतात, पण प्रतिजैविके किंवा रक्तदाबाच्या गोळ्या तेथे मिळत नाहीत.

माझ्या पहिल्या छुसोकला मला ताप आला तेव्हा गल्लीतील तिन्ही औषधांची दुकाने बंद होती. चौथे शोधत फिरण्याऐवजी ११९ ला फोन करून विचारता येते, हे मला कोणी सांगितले नव्हते. ११९ हा क्रमांक केवळ रुग्णवाहिकेसाठी नाही. जवळचा कोणता दवाखाना आणि कोणते औषधांचे दुकान उघडे आहे, हेही तेथे सांगतात. आपत्कालीन वैद्यकीय माहितीचे सरकारी संकेतस्थळ 'ई-जेन' हीच यादी दाखवते. सणाआधी ते उघडून आपल्या भागातील दोन दवाखाने टिपून ठेवावेत आणि निघण्यापूर्वी फोन करावा. लहान मुले असलेल्यांनी रात्री आणि सुट्टीला चालणाऱ्या 'दालबित' बालरुग्णालयांपैकी जवळचे कोणते ते पाहावे.

क्रम असा ठेवावा : किरकोळ आजाराला आधी उघडा दवाखाना, तो न मिळाल्यास लहान रुग्णालय, आणि जिवाला धोका असेल तर थेट ११९. साध्या तापासाठी मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जाण्याची सवय महागात पडते. सप्टेंबर २०२४ पासून सौम्य आजाराचे रुग्ण मोठ्या आपत्कालीन केंद्रात गेल्यास उपचारखर्चाचा ९० टक्के भाग त्यांना स्वतः भरावा लागतो, आरोग्य विमा असला तरीही.

सावधान : छातीत दुखणे, श्वास लागणे, बोलणे अडखळणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे यांत खर्चाचा विचार करू नये. ११९ ला फोन करावा, तेथे दुभाष्याची सोय होते.

## टप्पा ७ : घर बंद करणे (आदला दिवस)

घरमालकही आपल्या गावी जातो, त्यामुळे या दिवसांत नळ फुटला तर लगेच मदत मिळणे कठीण असते. सोल्लालच्या सुमारास कडाक्याची थंडी असते. बाहेरगावी जाताना बॉयलर पूर्ण बंद करू नये, तो कमी तापमानावर किंवा 'बाहेर' या स्थितीवर ठेवावा. फार थंडी असेल तर नळातून बारीक धार सोडून ठेवावी, म्हणजे नळ गोठत नाही. गॅसचा कॉक बंद करावा.

कचऱ्याचे वेळापत्रक बदलते. सुट्टीत काही दिवस कचरा उचलला जात नाही आणि ते दिवस प्रत्येक प्रभागाचे कार्यालय वेगळे ठरवते. सूचना इमारतीच्या दारावर लागते. न उचलण्याच्या दिवशी पिशवी बाहेर ठेवल्यास दंड होऊ शकतो. ओला कचरा जाण्यापूर्वीच टाकावा.

## टप्पा ८ : कोरियन कुटुंबाकडे आमंत्रण असल्यास

पहिला प्रश्न वेळेचा आहे. सणाच्या सकाळी पूर्वजांसाठी 'छारे' हा विधी होतो. आपल्याला त्यासाठी बोलावले आहे की नंतरच्या जेवणासाठी, हे यजमानांना स्पष्ट विचारावे. विधीसाठी मांडलेल्या पानातील काहीही आधी उचलू नये. आपल्याकडे नैवेद्य दाखवण्यापूर्वी ताटाला हात लावत नाहीत, तसेच हे आहे.

फळांची पेटी किंवा तेलाचा संच न्यावा आणि दोन्ही हातांनी द्यावा. सोल्लालला लहानांनी मोठ्यांना 'सेबे' म्हणजे गुडघे टेकून नमस्कार करायचा असतो. घरातील मुले कशी करतात ते आधी पाहावे, मग करावे. सोल्लालला "सेहे बोक मानी बादुसेयो" आणि छुसोकला "छुसोक जल बोनेसेयो" एवढे म्हणता आले तरी पुरते.

शाकाहाराबद्दल आमंत्रण स्वीकारतानाच सांगावे, ताटावर बसून नव्हे. त्या घरच्या बाईंनी दोन दिवस राबून स्वयंपाक केलेला असतो आणि आपण काहीच खात नाही असे पाहून त्यांना मनापासून वाईट वाटते. सोल्लालच्या तॉक्कुकचा (तांदळाच्या वड्यांच्या सूपचा) रस्सा बहुधा गोमांसाचा असतो, जापछे या शेवयांच्या पदार्थामध्ये मांसाचे तुकडे असू शकतात, आणि 'जॉन' या धिरड्यांत मासे किंवा मांस असते. छुसोकचा सोंगप्यॉन मात्र आपल्याला अगदी ओळखीचा वाटेल : तांदळाच्या पिठाची पारी, आत तीळ, डाळ किंवा चेस्टनटचे सारण, आणि पाइनच्या पानांवर वाफवलेला. उकडीच्या मोदकाची सवय असलेला हात तो वळायलाही पटकन शिकतो. वळायला बसवले तर आनंदाने बसावे.

आमंत्रण नसेल तर सोलमधील ग्योंगबोकगुंगसारखे राजवाडे सणाच्या दिवसांत सहसा विनामूल्य उघडे असतात. राष्ट्रीय संग्रहालय मात्र सणाच्या दिवशी बंद असते. मेट्रो सुट्टीच्या वेळापत्रकाने धावते. वाट चुकल्यास किंवा भाषेची अडचण आल्यास १३३० या पर्यटन मदतवाहिनीला फोन करावा.

## टप्पा ९ : परतल्यावर

कामकाजाच्या पहिल्या दिवशी बँक, टपाल आणि इमिग्रेशन येथे मोठी गर्दी असते. तातडी नसेल तर तिथली कामे दोन दिवस पुढे ढकलावीत. सुट्टीत आलेली स्वयंचलित देणी बहुधा पहिल्या कामकाजाच्या दिवशी खात्यातून वळती होतात, म्हणून आदल्या रात्री शिल्लक तपासावी. भेटवस्तूंची खोकी सपाट करून पुठ्ठ्याच्या ठरलेल्या दिवशीच ठेवावीत, आणि पुढच्या सणाची तारीख त्याच आठवड्यात कोरियन पंचांगातून पाहून लिहून ठेवावी.